मिल्टन फ्रीडमन कोण होते? त्यांच्या विचारांचा मराठवाड्यातल्या तूर-सोयाबीन उत्पादकाला काही उपयोग आहे का?

फ्रीडमन हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ. चरित्र थोडक्यात उरकतो. 1912 साली ब्रुकलिनमध्ये स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्म, 1946 पासून तीस वर्षं शिकागो विद्यापीठात, 1976 चं अर्थशास्त्राचं नोबेल, 2006 मध्ये निधन. 1955 साली ते भारत सरकारला सल्ला द्यायला आले. एका टोकाला अवजड कारखाने आणि दुसऱ्या टोकाला हातमाग यांवरच जोर देऊ नका, मधले छोटे उद्योग मरतात, असं त्यांनी टिपणात लिहून दिलं. कुणी ऐकलं नाही.

शेतकऱ्याच्या कामाचं त्यांनी सांगितलं ते 1963 च्या मुंबईतल्या व्याख्यानात: महागाई ही नेहमी आणि सगळीकडे पैशाच्या पुरवठ्यातून येते. म्हणजे एकटी तूर महागली, तर ती महागाई नव्हे. तूर कमी आहे, पुढच्या जूनला जास्त पेरा, एवढाच निरोप तो भाव देतो. आपल्याकडे मात्र डाळ चढली की तिलाच महागाई म्हणायचं आणि साठामर्यादा घालायची, हे वर्षानुवर्षं चाललंय. माझा राग त्यावर आहे.

2 जून 2023 ला केंद्राने तूर-उडदावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्याला 200 टन, किरकोळ दुकानाला 5 टन. सप्टेंबरात घाऊकची मर्यादा 50 टनांवर आणली. 50 टन म्हणजे 500 क्विंटल, दोन-तीन ट्रक माल. "शेतकऱ्याला मर्यादा लागू नाही, मग तुमचं काय बिघडलं?" असं विचारणारे मला पारावरही भेटतात आणि इथेही. बिघडतं ते असं. तुरीची आवक डिसेंबर ते फेब्रुवारीत एकदम होते, खाणं बारा महिने चालतं. मधले महिने कुणीतरी माल धरून ठेवावा लागतो. धरणाऱ्याला व्याज, गोदामभाडं, भुंगा, वजनातली घट, सगळं सोसावं लागतं. पुढे भाव मिळेल याची खात्री असेल तरच तो लातूर-उदगीरच्या सौद्यात हात वर करतो. मर्यादेची टांगती तलवार असली की तो गरजेपुरतंच घेतो. भाव पडतो तो तुमच्या आवकेच्या दिवसांत. पुढे श्रावणात कुणाकडेच साठा नसतो आणि डाळ पुन्हा चढते.

पेराही बदलतो. तूर 150 ते 180 दिवस रान अडवते, सोयाबीन साधारण 100 दिवसांत निघून हरभऱ्याला रान मोकळं करतं. भाव दाबला की शेतकरी तूर सोडतो. उलटंही होतं. 2015 ला डाळ किलोला 200 च्या घरात गेली, 2016 च्या खरिपात तुरीचा पेरा तुफान झाला. बाजारातला भाव 5,050 च्या हमीभावाखाली गेला, खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. आणि 2006 पासूनची निर्यातबंदी तुरीवरून उठली ती सप्टेंबर 2017 मध्ये, माल विकून झाल्यावर.

आवकेत विकायचं नसेल तर शेतमाल तारण योजना बघा, म्हणजे माल बाजार समितीकडे गहाण ठेवून कर्ज: किमतीच्या 75 टक्के उचल, 6 टक्के व्याज, 180 दिवस. मुदत हुकली की व्याज वाढतं. माल 12 टक्के ओलाव्याच्या आत वाळवून, चाळूनच ठेवा, नाहीतर बुरशी धरते आणि प्रत घसरते. आपली बाजार समिती योजना राबवते का, ते आधी विचारा.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फ्रीडमन हमीभावाच्याही विरोधात होते. 1962 च्या 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम'मध्ये सरकारने करू नयेत अशा कामांची यादी आहे. तिच्यात पहिलं शेतमालाच्या भावाला आधार देणं, दुसरं आयातशुल्क आणि निर्यातीवरचे निर्बंध. दोन्ही एकाच ओळीत. आमचे शेतकरी नेते निर्यात खुली मागतात आणि खाद्यतेलावर शुल्क वाढवा म्हणतात. सरकार बिनशुल्क तूर आणतं आणि निर्यात आवळतं. दोघंही अर्धाच फ्रीडमन घेतात. 1975 साली फ्रीडमन चिलीत जाऊन तिथला लष्करी हुकूमशहा पिनोशेला भेटले, त्यावरची टीकाही मला रास्त वाटते. पण "खुला बाजार म्हणजे व्यापाऱ्याची चांदी" म्हणणाऱ्यांनी 50 टनांच्या मर्यादेने कुठल्या शेतकऱ्याचं भलं झालं, ते खाली लिहावं.