गोठलेलं डिझेल

प्रश्न : कळंबोलीहून माल घेऊन लेहला गेलेली आमची गाडी पहाटे स्टार्ट झाली आणि दोन मिनिटांत बंद पडली. टाकीत डिझेल होतं. मग बिघडलं काय? (एक वाहतूकदार, नवी मुंबई)

उत्तर : डिझेलमधलं मेण थंडीत साकळतं आणि फिल्टरच्या कागदावर बसतं. पाइपात उरलेल्या डिझेलवर गाडी सुरू होते, ते संपलं की मरते. अशा वेळी सेल्फ (स्टार्टर) मारत बसू नका, बॅटरीही जाईल. फिल्टर हाउसिंगवर (फिल्टरच्या बाहेरच्या भांड्यावर) गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच-सहा वेळा गुंडाळा. वायरिंगचं कनेक्टर कोरडं ठेवा. तरी नाहीच झालं तर फिल्टर बदला, वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, हातपंपाने डिझेलच्या पाइपातली एअर काढा. टाकीखाली कापडाचा बोळा पेटवायचा जुना उद्योग मात्र नको.

डिझेल पातळ करायला रॉकेल ओतू नका. बीएस-६ गाडीचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. अँटी-जेल (मेण साकळू न देणारं रसायन) टाकायचं तर थंडी गाठण्याआधी; जमलेलं मेण त्याने विरघळत नाही.

पुढच्या खेपेला इथलं डिझेल वाटेतच संपवत आणा, लडाखात विंटर ग्रेड, म्हणजे थंडीतही वाहणारं डिझेल भरा. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी आणलेलं डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहतं.