आमच्याकडे सण गणपतीपासून नाही, मारबतीपासून सुरू होतात

सणांचे दिवस आले हे घरातल्या कोणत्या गोष्टीवरून कळतं आणि तशी एखादी लाडकी परंपरा आहे का, असं तुम्ही विचारलंय. पुण्या-मुंबईकडे बहुतेकांचं उत्तर गणपती असेल. नागपुरात आमच्या घरी ते मारबत आहे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ईडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, तीही यादीसकट.

पोळा श्रावण अमावास्येला. शेती सुटली, बैल गेले, तरी पुरणपोळी होतेच आणि दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, लागतातच. रात्री जेवणं आटोपली की आजी सगळ्यांना बसवते आणि विचारते, "सांगा, उद्या मारबतीनं काय न्यायचं?" प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची. पोरांचं ठरलेलं असतं: गणिताचा पेपर. वहिनीला रात्रीच्या ऑनलाइन मीटिंगा नको असतात, बाबांना बीपीची गोळी. आजीचं दरवर्षी तेच, "माह्ये गुडघे ने वं माय." एक नियम मात्र कडक आहे, माणसाचं नाव घ्यायचं नाही. मोठ्या बाबांनी एका वर्षी सासुरवाडीतल्या कुणाचं तरी नाव घेतलं आणि मोठी आई थेट गणपती बसेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. तेव्हापासून हा नियम.

यादी कुठे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, सकाळी मेढे उचलून बाहेर टाकताना ती ओरडून म्हणायची असते. गावोगाव "ईडा, पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत" म्हणतात, आम्ही त्याच चालीवर आपापलं घुसडतो. गल्लीत कोण काय ओरडतंय त्यावरून कुणाच्या घरी काय चाललंय ते कळतं, हा एक तोटा समजा किंवा फायदा.

मग मिरवणूक बघायला इतवारी, हा नागपूरचा जुना बाजारभाग. तिथे नात्यातल्या एकांची पहिल्या मजल्यावर गॅलरी आहे आणि त्या दिवशी तिच्यावर आमचा वडिलोपार्जित हक्क आहे असं आम्ही समजतो. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते. काळी मारबत इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसले यांच्या निषेधाची म्हणून सांगतात. कुणी तिला पूतनेशीही जोडतात. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते आणि तिच्याकडे बायका देवीसारखं बघतात, लेकरांना तिच्या पायाशी नेतात. म्हणजे एकीला शिव्या, दुसरीला हात जोडणं, आणि शेवटी दोघींचंही दहन. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगताना माझी नेहमी भंबेरी उडते.

त्यांच्याबरोबर बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, ज्या वर्षी जे डोक्यात जात असेल त्याचा पुतळा. शहर वर्षभराचा राग असा एका सकाळी बाहेर काढतं, आणि माझ्या मते वर्तमानपत्रातल्या कुठल्याही अग्रलेखापेक्षा बडगे जास्त खरं बोलतात. आमचे आबाजी तर बडगे बघूनच ठरवायचे की यंदा लोक सरकारवर किती नाराज आहेत.

संध्याकाळी तान्हा पोळा. तो मोठ्या पोळ्याचा पोरांसाठीचा भाग. माळ्यावरून लाकडी नंदी खाली येतो. आमचा सागवानी आहे, बाबांच्या लहानपणीचा, नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीतून आणलेला. चाकं दोनदा-तीनदा बदलली, शिंगांवर रंगाचे इतके थर चढलेत की टोकं बोथट झालीत. घरातलं सगळ्यात लहान पोर दोरी धरतं. ज्याचं ओढायचं वय संपलं त्याच्याकडे शिंगं रंगवण्याचं काम जातं, आणि ते मिळाल्यावर पोरं जी ऐट करतात ती बघण्यासारखी. माझ्या पुतण्याला यंदा ते मिळालं तर त्यानं शिंगांना निळा रंग दिला. आजीनं नाक मुरडलं, पण पुसू दिला नाही.

नंदीला आधी घरात ओवाळायचं, पुरणपोळीचा घास दाखवायचा, मग तो दारोदार. प्रत्येक घरी पोरांना बोजारा मिळतो. पूर्वी चणे-फुटाणे आणि सुटी नाणी, आता चॉकलेट आणि दहाच्या नोटा. हल्ली मैदानांवर सजावटीच्या स्पर्धा असतात, पोरं राजे-शिवाजी होऊन येतात, नंदी बाजूला राहतो आणि आई-बाबांचे फोन पुढे. मला ते फारसं रुचत नाही. मोठे नंदी बघायचे असतील तर वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला जा, तिथला तान्हा पोळा त्यासाठीच नावाजलेला आहे.

या एका दिवसानंतर आमच्याकडे थांबणं नाही. 2025 मध्ये मारबत 23 ऑगस्टला होती आणि गणपती 27 ला. मधल्या दिवसांत हरतालिका, मखर, आणि मग महालक्ष्म्यांच्या आंबिलीसाठी ज्वारी भिजवायची कधी यावरून आजी आणि काकूचा वाद. घर झाडणं-पुसणं मात्र मारबत गेल्याशिवाय सुरू होत नाही. आधी केलं तर आजी म्हणते, "ते जाऊ द्या आधी, मंग झाडा."

तुम्ही कधी बघायला येणार असाल तर सकाळी लवकर इतवारी गाठा, गाडी लांब लावा आणि लेकरू असेल तर खांद्यावर घ्या. गर्दीत गुलाल आणि ढोल दोन्ही जवळून असतात, पांढरे कपडे घालू नका.