ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरी बदलता येतं का?
येतं, पण आधी गिअरबॉक्स कोणता ते बघा. एएमटीत, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच आपोआप गिअर टाकायची यंत्रणा जोडलेली असते त्यात, साधं मॅन्युअलवालं गिअर ऑइल असतं. सीव्हीटीत, म्हणजे पट्टा-पुलीवाल्या गिअरबॉक्समध्ये, एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं ऑइल) ओतलंत तर वाट लागली म्हणून समजा. मी लातूरला अंगणात केलं, तेव्हा भरायचा नट आधी सैल केला. जुनं ऑइल काढून टाकल्यावर तो जाम आहे असं कळलं, की गाडी तिथंच उभी! निघालेलं ऑइल पाण्याच्या रिकाम्या लिटरच्या बाटल्यांत मोजलं, साडेतीन भरल्या. तेवढंच नवं ओतलं. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असेल, तर त्यातलं जुनं आतच राहतं, म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा बदलावं. लेव्हल बऱ्याच गाड्यांत ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना बघतात. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीतच ते चाळिशी गाठतं आणि इंजिन चालू केलं की लगेच ४५ च्या वर जातं, तेव्हा पहाटेच उरका.