कोकणातल्या उताराच्या बागेत आंब्याच्या पेट्या न्यायला ई-कार्ट चालेल का?

ई-कार्ट म्हणजे बॅटरीवरची छोटी मालवाहू तीनचाकी. सपाटीवर चालेल, पण तुमच्या चढावर जपून. आधी चढ मोजा: गवंड्याच्या पाण्याच्या नळीने 10 मीटरमागे किती उंची चढते ते पाहा. 2 मीटर आली तर तो 20 टक्के चढ.

गाडी, माल आणि चालक मिळून एक टन धरा. एवढ्या चढावर ताशी 10 किमी वेगाला कच्च्या रस्त्यावर साधारण 6 किलोवॅट लागतात. ई-कार्टची मोटर नियमानेच जास्तीत जास्त 4 किलोवॅटची. रोज दमवलीत तर मोटर आणि तिला वीज पुरवणारा कंट्रोलर तापणारच. म्हणून ई-कार्टच्या वरच्या वर्गातली मालवाहू तीनचाकी किंवा चारचाकी घ्या, तीही भरलेल्या मालानिशी स्वतःच्या चढावर चालवून पाहून.

रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती चालेल याची, काळजी सोडा. एक टन 100 मीटर उंचीवर न्यायला, मोटरचा आणि रस्त्याचा तोटा सोडला तर, पाव युनिटपेक्षा थोडीच जास्त वीज लागते.

खरी भीती उताराची. घर माथ्यावर असेल तर बॅटरी पूर्ण भरून निघू नका. उतारावर मोटर वीज तयार करत गाडीला रोखते, पण भरलेल्या बॅटरीत ती वीज परत जात नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. पावसात शेवाळलेल्या जांभ्यावर तीनचाकी आडवी तर कधीच घालू नका, कलंडते.