फोन तिच्या हातात द्या: ग्रामीण महिलांच्या प्रशिक्षणाविषयी प्रश्नोत्तरे

गावांमध्ये महिलांना मोबाइल आणि व्यवसाय शिकवणाऱ्या वाचकांकडून आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या संस्थेने महिलांसाठी दहा दिवसांचा संगणक वर्ग घेतला. हजेरी चांगली होती, प्रमाणपत्रंही दिली. काही महिन्यांनी विचारलं तर बहुतेकींना काहीच आठवत नव्हतं. असं का होतं?

वर्ग संपल्यावर जे हातात येत नाही, ते डोक्यातूनही जातं. घरी संगणक नसताना संगणकाचे भाग पाठ करून उपयोग काय? ती आज काय करते, तिथून सुरुवात करा. शिवणकाम करणारी बाई गिऱ्हाइकाला निरोप पाठवते, मापं लक्षात ठेवते, उधारी आठवून मागते. मग पहिल्या दिवशी बोलून निरोप पाठवायला शिकवा, दुसऱ्या वेळी मापाच्या कागदाचा फोटो काढून तो पुन्हा शोधायला. सलग दहा दिवसांपेक्षा आठवड्यातून एकदा दोन तास घ्या आणि मधल्या दिवसांत करायला एक खरं काम द्या.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षकाला आग्रहाने सांगते. तिच्या हातातला फोन घेऊ नका. ती अडली की आपण पटकन फोन घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि 'झालं बघा' म्हणून परत देतो. त्यात ती काहीच शिकत नाही. जवळून पाहा, ती कुठे अडते. नवशिकी बाई पडद्यावर बोट जोरात दाबून धरते, त्यामुळे भलताच मेनू उघडतो आणि तिला वाटतं, आपण फोन बिघडवला. फोन धरलेल्या हाताचा अंगठाही पडद्याच्या कडेला टेकलेला असतो, त्यामुळे फोन गोंधळतो. कष्टाच्या कामाने बोटांवरच्या रेषा झिजल्या असतील तर फोन बोटाचा ठसा ओळखत नाही, आणि दोष ती स्वतःलाच देते. 'टेकवा आणि उचला' एवढंच सांगा, वीस वेळा करू द्या. मागे कसं यायचं हे सगळ्यात आधी शिकवा. परतीची वाट माहीत असली की भीती अर्धी होते.

प्रश्न : आमच्या गटातल्या निम्म्या महिलांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांना वगळावं का?

मुळीच नाही. राजस्थानातल्या तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज १९७२ पासून काम करतं आहे. तिथे वेगवेगळ्या देशांतल्या खेड्यांमधून आलेल्या, अनेकदा शाळेत न गेलेल्या बायका सुमारे सहा महिन्यांत सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती. रंग, खुणा आणि हाताने करून पाहणं यांवर शिक्षण झालं.

पैशाचा व्यवहार करणाऱ्या बहुतेक बायकांना आकडे ओळखू येतात. म्हणून आकड्यांपासून सुरुवात करा, मग चिन्हं, मग बोलून शोधणं. एका बाबतीत मात्र सावध राहा : जे वाचता येत नाही, त्याखाली अंगठा किंवा सही नको, पडद्यावरही नको. कर्जाचा मजकूर फोनकडून मोठ्याने वाचून घ्यायला किंवा दोन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकायला शिकवा. अक्षरं शिकायची इच्छा याच वेळी जागी होते. ती वाया जाऊ देऊ नका.

प्रश्न : घरात एकच फोन, तोही नवऱ्याकडे. मग शिकवून काय फायदा?

फायदा आहे, पण फोनपेक्षा कळीचा प्रश्न बँक खात्याचा आहे. मध्य प्रदेशात झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिलांची फक्त बँक खाती उघडली. काहींची रोजगार हमीची मजुरी थेट त्यांच्याच खात्यात जमा केली आणि ते खातं कसं वापरायचं, हेही शिकवलं. नुसतं खातं मिळालेल्यांपेक्षा या दुसऱ्या महिला जास्त काम करू लागल्या, सरकारी कामावर आणि बाहेरही. नुसतं खातं पुरलं नाही. तिच्या नावाने येणारा पैसा आणि तो वापरता येणं, या दोन्हींची जोड लागली.

म्हणून वर्गातल्या प्रत्येकीला विचारा : सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे? खात्याला जोडलेला नंबर कोणाचा? गुप्त आकडा (पिन) आणखी कोणाला ठाऊक आहे? हे चारचौघींत विचारू नका, एकेकीशी बोला. ज्या घरात मारहाणीची भीती आहे, तिथे घाई नको, पुढचं पाऊल तिने ठरवायचं. इतर घरांत नवऱ्याला आणि सासूला पहिल्या वर्गाला बोलवा आणि काय शिकवणार ते दाखवा.

मैत्रिणीला सोबत आणायलाही सांगा. अहमदाबादच्या सेवा बँक या महिलांच्या सहकारी बँकेच्या ग्राहक महिलांना दोन दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं, तेव्हा मैत्रिणीसह बोलावलेल्या महिलांनी कर्ज घेऊन व्यवसायात जास्त पुढाकार घेतला.

प्रश्न : हिशेब कसा शिकवावा? जमा-खर्चाची वही दिली, पण कोणी भरत नाही.

वही बाजूला ठेवा, दोन पाकिटं द्या. एक घराचं, एक धंद्याचं. घरासाठी पैसे हवे असतील तर धंद्याच्या पाकिटातून ठरलेली रक्कम मजुरी म्हणून काढायची, मधेच हात घालायचा नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या अभ्यासात (२०१४) अशा सोप्या नियमांनी व्यवहार सुधारले. रीतसर लेखाशास्त्र शिकवलेल्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही.

पाकिटांची सवय लागली की किंमत काढायला शिकवा. कच्चा माल, वीज, वाहतूक सगळ्या जणी धरतात. स्वतःचे तास कोणी धरत नाही. टोपली विणायला तीन तास लागले तर ते तीन तास किमतीत आले पाहिजेत. इथे वेळ घ्या. आपल्या श्रमाला मोल आहे, हे कित्येकींना पहिल्यांदा या आकडेमोडीत दिसतं.

हिशेबासोबत पुढाकारही शिकवावा लागतो. टोगोची राजधानी लोमे इथे १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगात (२०१७) स्वतः संधी शोधणं, अडचणीतून वाट काढणं शिकवलेल्यांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांची वाढ ११ टक्के होती आणि तीही खात्रीची नव्हती. हा शहरातला प्रयोग आहे, तरी माझ्या मते गावातही हीच बाजू सगळ्यात दुर्लक्षित राहते.

प्रश्न : फसवणुकीच्या भीतीने बायका ऑनलाइन पैशाला हात लावत नाहीत.

त्यांची भीती रास्त आहे, तिला हसू नका. एक नियम पक्का करून घ्या : पैसे मिळण्यासाठी गुप्त आकडा टाकावा लागत नाही, कोणी तो टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा. वर्गात खोटा फोन करून याचा सराव घ्या. आणि फसवणूक झालीच तर लपवायची नाही, ताबडतोब बँकेला कळवायचं. लाजेपोटी गेलेल्या तासाभरात पैसे पुढे निघून जातात.

प्रश्न : आमच्या गटाला मोठ्या ऑनलाइन बाजारात माल विकायचा आहे. कुठून सुरुवात करावी?

आधी ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोटो आणि किंमत पाठवून विका. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ घ्या. आकार कळावा म्हणून वस्तू हातात धरा. मग तीन गोष्टी तपासा. दहावा नग पहिल्यासारखाच होतो का? मालाची बांधणी (पॅकिंग) प्रवासात टिकते का? मागणी आली त्या आठवड्यात कोणाच्या घरी आजारपण असेल तर तिचं काम कोण करणार? हे जमलं की मोठ्या बाजाराकडे वळा, पण परत आलेल्या मालाचा खर्च गटाने उचलायचा की बनवणारीने, हे पहिली मागणी घेण्याआधी सगळ्यांसमोर ठरवून लिहून ठेवा.