वाचकांचे प्रश्न : जुन्या थाटाचा छोटा मिररलेस कॅमेरा

प्रश्न : आजवर सगळे फोटो मोबाइलवरच काढले. आता रोज पिशवीत राहील आणि प्रवासातही चालेल असा, जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा दिसणारा मिररलेस घ्यायचा आहे. निकॉन झेडएफसी, फुजीफिल्म एक्स-टी५० आणि फुजीफिल्म एक्स१००व्हीआय या तिघांत अडकले आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : आधी लेन्स ठरवा, मग बॉडी ठरवणे सोपे जाते. नुसत्या बॉडीच्या वजनावर जाऊ नका. झेडएफसी ४४५ ग्रॅम आणि एक्स-टी५० ४३८ ग्रॅम, म्हणजे फरक नाहीच. पण झेडएफसीसोबत येणारी १६-५० मिमीची झूम लेन्स १३५ ग्रॅमची आहे, तर एक्स-टी५०ची १६-५० मिमी एफ/२.८-४.८ लेन्स २४० ग्रॅमची. त्यामुळे एक जोडी ५८० ग्रॅमवर राहते, दुसरी ६७८वर जाते. शिवाय निकॉनची झूम मिटल्यावर चपटी होते, हा रोजच्या पिशवीसाठी मोठा फायदा. मात्र तिचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) एफ/३.५-६.३ आहे, त्यामुळे संध्याकाळनंतर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) भराभर चढतो.

आता गंमत पाहा. एक्स-टी५०ला ८४ ग्रॅमची २७ मिमी एफ/२.८ लेन्स लावली की एकूण वजन ५२२ ग्रॅम होते. एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅमचा आहे! म्हणजे ‘लेन्स न बदलणारा कॅमेरा हलका’ हे गृहीत इथे टिकत नाही. एक्स१००व्हीआय घ्यायची खरी कारणे वेगळी आहेत: २३ मिमी एफ/२ लेन्स (फुलफ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या भाषेत ३५ मिमी), जवळजवळ आवाज न करणारा, लेन्समध्येच बसवलेला लीफ शटर, चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) अंगचा, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर आणि ऑप्टिकल-इलेक्ट्रॉनिक असा दुहेरी व्ह्यूफाइंडर. मोबाइलवर काढलेले तुमचे आवडते शंभरेक फोटो चाळा. त्यांतले बहुतेक झूम न करता, मुख्य कॅमेऱ्याने काढलेले असतील तर हा कॅमेरा तुम्हाला अडचणीचा वाटणार नाही. दूरचे शिखर, पक्षी, मंचावरचा गायक असे फोटो जास्त असतील तर याच्या वाटेला जाऊ नका. ४० मेगापिक्सेलमधून कापून ५० किंवा ७० मिमीचा भास होतो, पण ते फोटोच्या कडा कापून टाकणेच आहे.

डायल्सबद्दल जाहिराती जे सांगत नाहीत ते असे. झेडएफसीवर शटर आणि आयएसओच्या डायल आहेत, पण अ‍ॅपर्चर बहुतेक लेन्सवर नसून पुढच्या चाकावर बदलते आणि वरच्या छोट्या खिडकीत दिसते. आयएसओ डायलखालचा खटका ‘ए’ मोडवर (छिद्र तुम्ही ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो) असला की शटर डायलवरचा आकडा नुसता शोभेचा. नवखे लोक इथे गोंधळतात. एक्स-टी५०वर उलट: अ‍ॅपर्चर लेन्सच्या कड्यावर, शटरची डायल आहे, पण आयएसओची नाही, तिच्या जागी डावीकडे फिल्म सिम्युलेशनची (जुन्या फिल्मसारखे रंग देणाऱ्या सेटिंगची) डायल आहे. फुजीत वेगळा मोडचा खटका लागत नाही. शटरची डायल आणि लेन्सचे कडे दोन्ही ‘ए’वर ठेवले की प्रोग्रॅम (दोन्ही कॅमेराच ठरवतो), शटर ‘ए’वर ठेवून कडे फिरवले की अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. शिकायला ही रचना सोपी आहे.

बॉडीतले स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा भरून काढणारी यंत्रणा) एक्स-टी५० आणि एक्स१००व्हीआयमध्ये आहे, झेडएफसीत नाही. याचा उपयोग स्थिर विषयांना: मंद उजेडातले देऊळ १/८ सेकंदावर हातात धरून काढता येते. चालत्या माणसाला मात्र १/१२५ लागतोच, तिथे स्टॅबिलायझेशन काही करत नाही. घरातल्या माणसांचे फोटो हाच मुख्य हेतू असेल तर या एका मुद्द्यावर झेडएफसी बाद करू नका. त्याचा पूर्ण फिरणारा स्क्रीन स्वतःचे चित्रण करणाऱ्याला एक्स-टी५०पेक्षा बराच सोयीचा आहे.

आमचा कौल: एकच कॅमेरा, वर्षानुवर्षे, हळूहळू लेन्स वाढवायच्या असतील तर एक्स-टी५० आणि २७ मिमी एफ/२.८ किंवा २३ मिमी एफ/२. झूम घेऊन सुरुवात करू नका.

प्रश्न : फुजीफिल्म एक्स-टी३० II घेतला. भर उन्हात आयएसओ ६४०च्या खाली उतरतच नाही आणि एफ/२वर काढलेले फोटो पांढरे फटक येतात. कॅमेरा सदोष आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या कॅमेऱ्यात डायनॅमिक रेंज ‘डीआर४००’वर गेली आहे. या सेटिंगमध्ये कॅमेरा आकाशासारखे उजळ भाग वाचवण्यासाठी प्रत्यक्षात दोन स्टॉप कमी एक्स्पोजर देतो आणि नंतर गडद भाग उचलतो. त्यासाठी दोन स्टॉपची जागा लागते, म्हणून मूळचा १६० आयएसओ चौपट होऊन ६४० ही किमान मर्यादा होते. डीआर२००वर ती ३२० असते. डी रेंज प्रायॉरिटी चालू असली तरीही असेच घडते, ती बंद आहे ना तेही पाहा.

आता हिशेब. लख्ख उन्हात एफ/१६वर शटर साधारण १/आयएसओ लागतो. एफ/१६पासून एफ/२पर्यंत सहा स्टॉप, म्हणजे आयएसओ ६४०ला सुमारे १/४०,००० हवा. मेकॅनिकल शटर १/४०००वर थांबतो. उरलेला प्रकाश फोटो जाळतो. मेनूत इमेज क्वालिटी सेटिंगमध्ये जाऊन डीआर१०० करा, आयएसओ १६०वर आणा. तरीही एफ/२ला १/१०,००० लागेल, म्हणून शटर टाइप ‘एमएस + ईएस’ (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक) ठेवा. १/४०००च्या पुढे इलेक्ट्रॉनिक शटर आपोआप काम घेतो. नाहीतर एफ/४ करा, तिथे १/२५०० पुरतो. पार्श्वभूमी धूसर हवीच असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर घ्या.

डीआर४०० टाकाऊ नाही. उजळ ढग आणि सावलीतले चेहरे एकाच चौकटीत असतील तर जेपेगसाठी ते छान काम देते. रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) मात्र काही सॉफ्टवेअरमध्ये काळोखी उघडते. घाबरू नका, माहिती तिच्यात असते.

प्रश्न : पिशवीतून कॅमेरा काढला की कधी कधी सगळे फोटो काळे येतात. काल ठीक होता.

उत्तर : एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची) डायल घासून फिरली आहे. या प्रकारच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तिला लॉक नसतो. कॅमेरा काढल्यावर डोळ्याला लावण्याआधी अंगठ्याने ती शून्यावर आहे का पाहायची सवय लावा.

प्रश्न : सायलेंट शटर वापरला की सभागृहात फोटोंवर आडवे पट्टे येतात. का?

उत्तर : इलेक्ट्रॉनिक शटर संपूर्ण सेन्सर एका क्षणी वाचत नाही, ओळीओळीने वाचतो. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळ-मंद होतात. काही ओळी उजळ क्षणी वाचल्या जातात, काही मंद क्षणी, तेच पट्टे. दिव्यांखाली मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झची वीज असलेल्या देशात १/६० किंवा १/१२५. काही एलईडी याहून खूप वेगाने लुकलुकतात, तिथे हे आकडे कामाचे नाहीत. शटर हळू करत जाऊन पाहा.

प्रश्न : घरात जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे, एम४२ स्क्रू माउंटची. फुजीच्या कॅमेऱ्याला लावता येईल का?

उत्तर : येईल, आणि या थाटाच्या कॅमेऱ्यावर ती शोभतेही. एम४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागते, फुजी एक्स माउंटला १७.७ मिमी, उरलेले २७.७६ मिमी अडॅप्टर भरून काढतो. अडॅप्टर किंचित आखूड निघाला तर बिघडत नाही, फोकस अनंताच्या थोडा पुढे जातो इतकेच. किंचित लांब निघाला तर दूरचा डोंगर कधीच स्पष्ट येणार नाही. घेताना हीच चाचणी करा.

बऱ्याच एम४२ लेन्सच्या मागे एक छोटी पिन असते. ती दाबली गेली नाही तर कडे कुठेही फिरवा, अ‍ॅपर्चर उघडेच राहते. म्हणून पिन दाबणारी आतली कड असलेला अडॅप्टर मागा. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल खटका असेल तर तो मॅन्युअलवर करून काम भागते.

कॅमेऱ्याच्या मेनूत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा, नाहीतर शटर दाबलाच जाणार नाही. फोकस पीकिंग (स्पष्ट कडा रंगाने दाखवणारी सोय) चालू करा, पण एफ/१.८वर त्याच्यावर विसंबू नका. तिथे चित्र मोठे करूनच फोकस पक्का होतो. स्टॅबिलायझेशनवाली बॉडी असेल तर अडॅप्टर सेटिंगमध्ये ५० मिमी भरा. फुजीच्या सेन्सरवर या लेन्सचा कोन ७५ मिमीसारखा होईल: चेहऱ्यांसाठी उत्तम, अरुंद गल्लीत निरुपयोगी. लावण्याआधी मागून टॉर्च मारून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स साफ होईपर्यंत बाकीच्या लेन्सपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा.

प्रश्न : विमानप्रवासात जादा बॅटऱ्या कुठे ठेवायच्या?

उत्तर : केबिनमधल्या पिशवीत, चेक-इन सामानात नाही. टोकांना धातू लागू नये म्हणून प्रत्येकीला प्लास्टिकचे झाकण किंवा वेगळी पिशवी हवी. १०० वॉट-अवरची मर्यादा तुम्हाला आड येत नाही. एक्स-टी५०ची एनपी-डब्ल्यू१२६एस बॅटरी जेमतेम ९ वॉट-अवरची आहे. दिवसभर फिरायचे तर दोन जादा ठेवा, आणि रात्री कॅमेऱ्याच्या यूएसबी-सीनेच चार्ज करा.