सगळ्या मदती बंद केल्या, आता बाईक उभीच राहत नाही

प्रश्न : मोटोजीपीच्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतीच्या, गेममध्ये सगळ्या मदती (गेम आपोआप सांभाळतो त्या गोष्टी) बंद केल्या. आता ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं आणि गाडी आडवी. गेम उगाच अवघड केलाय का?

उत्तर : गेमचा दोष थोडा, बोटाचा जास्त. कंट्रोलरचा ट्रिगर, म्हणजे बोटाने दाबायचं ब्रेकचं बटण, एका झटक्यात तळाला जातो, पण तेवढ्यात वजन पुढच्या टायरवर सरकलेलं नसतं. भार नसलेल्या टायरवर पूर्ण ब्रेक पडला की चाक लॉक होणारच. खरा रायडर लिव्हर आधी हलका दाबतो, फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) खाली बसू देतो आणि मग जोर लावतो. तुम्हीही ट्रिगर आधी एक तृतीयांश दाबा, गाडीचं नाक खाली गेलेलं दिसलं की पुढे दाबत न्या.

सर्वात जोराचा ब्रेक सरळ रेषेत आणि सर्वात जास्त वेगात असतानाच. तेव्हा वाराही गाडीला मागे ओढत असतो. वेग उतरला की ही मदत संपते आणि तोच ब्रेक मागचं चाक उचलतो. हिशेब सोपा आहे. चाकांमधलं अंतर 1.4 मीटर, रायडरसकट गुरुत्वमध्य बरोबर मधोमध आणि जमिनीपासून 0.65 मीटर उंच धरला, तर 0.7 भागिले 0.65 म्हणजे जेमतेम 1.08 जी (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर). त्यापेक्षा जोरात वेग कमी करायला गेलात की मागचं चाक हवेत. म्हणून वळण जवळ येईल तसा ट्रिगर सोडत यायचं, आणि गाडी झुकायला लागली की आणखी सोडायचा. टायरकडे पकड ठरावीकच असते, ती ब्रेक आणि वळण दोघांनाही पुरवायची असते. पूर्ण झुकलेल्या गाडीवर पुढच्या ब्रेकसाठी जवळपास काहीच उरत नाही.

मदती एका दमात बंद केल्यात, तिथेच घोळ झाला. सगळ्या परत चालू करा आणि एकेक काढा. आधी सरळ रस्त्यावर आपोआप वाकून बसणं बंद करा, त्याने फारसं बिघडत नाही. मग गिअर स्वतः टाका. मग एकत्र लागणारे ब्रेक वेगळे करा, म्हणजे मागचा ब्रेक तुमच्या हातात येईल. तो हलकाच वापरायचा, गाडी स्थिर करण्यापुरता. ब्रेकिंगची मदत सगळ्यात शेवटी. ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल देताना मागचं चाक घसरू न देणारी मदत) मात्र मधल्या आकड्यावर राहू द्या, त्यात कमीपणा काही नाही. खऱ्या मोटोजीपी गाड्यांवरही ते असतंच. एकाच ट्रॅकवर दहा फेऱ्या न पडता झाल्याशिवाय पुढच्या मदतीला हात लावू नका.

प्रश्न : खऱ्या बाईकवर डावीकडे वळायला डावं हँडल पुढे ढकलतात म्हणे. मग गेममध्ये कंट्रोलरची स्टिक सरळ डावीकडे का?

उत्तर : कारण स्टिक म्हणजे हँडल नव्हेच. खऱ्या गाडीवर वेगात असताना डावं हँडल पुढे ढकललं की पुढचं चाक क्षणभर उजवीकडे वळतं, टायर खालून उजवीकडे जातात आणि गाडी डावीकडे कलते. बहुतेक गेममध्ये तुम्ही स्टिकने फक्त सांगता, ‘इतकी झुकव’. हँडल ढकलण्याचं काम पडद्यावरचा रायडर करतो. वास्तवाशी सर्वात मोठी तडजोड इथेच आहे, ग्राफिक्समध्ये नाही. पण तिला पर्याय फारसा नाही. हँडलवरचा जोर हाताला आणि सीटची घसरण बुडाला कळली नाही, तर नुसत्या अंगठ्याने गाडी तोलणं जवळजवळ अशक्य.

रायडरच्या वजनाचंही तसंच. हजार सीसीच्या मोटोजीपी गाडीचं किमान वजन 157 किलो. त्यावर सूट-हेल्मेटसह 75 किलोचा माणूस बसवला, तर एकूण वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा तोच. तो कधी आणि किती लटकतो यावर गाडीचं वळणं ठरतं, आणि बरेच गेम ते परस्पर उरकतात. पीबोसो या निर्मात्याच्या ‘जीपी बाइक्स’ या गेममध्ये शरीर वेगळं हलवता येतं, म्हणून तो सुरुवातीला छळतो.

याचा रोजच्या खेळात परिणाम काय? तुम्ही स्टिक फिरवता आणि गाडी झुकते, यात थोडा वेळ जातो. डावं-उजवं लागोपाठ आलं की स्टिक त्या हिशेबाने आधी हलवा, आणि मध्यावर एक क्षण थांबवून मग दुसऱ्या बाजूला न्या. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर आपटलीत की गाडी डचमळते.

प्रश्न : गेममध्ये गाडी 60 अंश झुकते. अतिशयोक्ती ना?

उत्तर : अजिबात नाही, मोटोजीपीत 60च्या वर जातात. 45 अंशांना बाजूचा जोर 1 जी, 60 अंशांना सुमारे 1.7 जी. टायर रुंद असल्यामुळे प्रत्यक्षात त्याच जोरासाठी थोडं जास्तच झुकावं लागतं. संशय घ्यायचाच तर तितकं झुकलेलं असताना पूर्ण थ्रॉटल देऊनही न घसरणाऱ्या मागच्या टायरवर घ्या.

प्रश्न : आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटरसायकल शर्यतीचा रस्ता गेममध्ये हुबेहूब आहे का?

उत्तर : 2018 साली आलेल्या ‘राइड ऑन द एज’ या गेमसाठी तो लेझरने मोजला होता. फेरी सुमारे 60.7 किलोमीटरची, वळणं दोनशेच्या वर. तुकड्यातुकड्याने शिका, अख्खी फेरी मारत बसलात तर शेवटची वळणं येईपर्यंत पहिली विसरलेली असतात.

प्रश्न : कारचं स्टीअरिंग व्हील चालेल?

उत्तर : नको. व्हील फिरवायला हात लांब जातो आणि झुकण्याशी त्याचं काही नातं नाही. ट्रिगरचा प्रवास लांब असलेला कंट्रोलर घ्या.